रॉस्को गप्प राहिला तो डाव

रॉस्को टटलचं तोंड झोपेतही चालायचं. मी तीन वर्षं त्याच्या शेजारच्या खाटेवर काढली आहेत, तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही. न्हाव्याचा मुलगा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, गळ्याभोवती फडकं बांधायचं आणि गावाच्या बातम्या सुरू करायच्या, ही घरचीच रीत. नेब्रास्कातल्या आमच्या विलोबी कॉलेजात तो धर्मोपदेशक व्हायला आला होता. "चर्चमध्ये लोक मधेच उठून जात नाहीत ना, म्हणून," असं कारण तो स्वतःच सांगायचा. फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या, संघात त्याला घेतलं ते केवळ माणसं कमी होती म्हणून. अंगानं दांडगा, पण पायात शिसं ओतल्यासारखा. सगळा वेळ बाकावर बसून तो पंचांपासून ढगांपर्यंत सगळ्यांना सल्ले द्यायचा.

तरी संघ सोडायचं नाव त्यानं कधी काढलं नाही, आणि आम्हीही नाही. त्याचं कारण संघाचं जेवण. ते एकोणीसशे चौतीस साल होतं. शेतांतली माती उडून खिडक्यांच्या फटीतून आत येत होती आणि घरोघर उकडलेल्या मक्यावर दिवस निघत होते. संघातल्या पोरांना मात्र संध्याकाळी कॉलेजच्या तळघरात मिसेस ऑडेगार्ड पोटभर वाढायच्या. मांस, बटाटे, पाव. दिवसातलं धड जेवण तेवढंच. आमचा कप्तान ऑर्व्हिल हॅस्केट स्वतः जेवण्याआधी सगळ्यांच्या ताटांवर नजर फिरवायचा. कुणाचं कमी दिसलं की म्हणायचा, "मिसेस ऑडेगार्ड, या हडकुळ्याला आणखी वाढा, नाहीतर समोरचे ह्यालाच चेंडू समजून पळवून नेतील."

मोसमाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांनी ऑर्व्हिलला बोलावून घेतलं. दोन वर्षांत आम्ही एकही सामना जिंकला नव्हता. यंदा एक तरी जिंका, नाहीतर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या सामन्यानंतर संघ बंद आणि जेवणही बंद, असं त्यांनी सरळ सांगितलं. जेवण बंद म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांचं शिक्षणच बंद. ऑर्व्हिलनं परत येऊन हे आम्हाला सांगितलं.

आम्ही हरत गेलो. ऑक्टोबरात एक सामना मात्र हाताशी आला होता. आम्ही पुढे होतो, एक गडी लंगडत बाहेर गेला आणि रॉस्कोला आत पाठवलं. त्या काळी नियम असा होता की बदली खेळाडूनं पंचांना आपलं नाव सांगायचं आणि एक डाव, म्हणजे चेंडू एकदा उचलल्यापासून थांबेपर्यंतचा खेळ, होईपर्यंत आपल्या माणसांशी बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. कोचनं त्याच्या तोंडून निरोप धाडू नये म्हणून हा बंदोबस्त. रॉस्को आला आणि येताच म्हणाला, "काय रे, मेलात की काय सगळे? उठा की!"

पंधरा यार्डांची शिक्षा बसली, म्हणजे समोरचे आमच्या रेषेकडे तेवढे फुकट पुढे सरकले. तेवढ्या आयत्या मिळालेल्या जमिनीवरून समोरच्यांनी गुण केले आणि आम्ही हरलो. ऑर्व्हिल आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. रॉस्को बिचारा कोचच्या मागे मागे फिरत म्हणायचा, "कोच, पुढच्या वेळी ओठ शिवून पाठवा मला." कोच म्हणाले, "पुढची वेळ यायला नको म्हणून मी रोज देवाला हात जोडतोय."

थँक्सगिव्हिंगचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजाशी होता. शेवटचा. गार वारा, डोळ्यांत धूळ, आणि आम्ही तीन-शून्यनं पुढे! आता फक्त त्यांना अडवायचं होतं. मिनिटभराचा खेळ उरला असेल. तेवढ्यात ऑर्व्हिलच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा बसला आणि तो उठेचना. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. त्याला झोळीत घालून न्यायला लागले तेव्हा तो बरळत होता, "मी ठीक आहे रे, मला नेऊ नका." बाकावर धडधाकट एकच माणूस उरला होता. कोचनी डोळे मिटून रॉस्कोला आत ढकललं.

रॉस्को पंचांसमोर उभा राहून नाव सांगत होता आणि त्याचं तोंड समोरच्यांच्या बाकाकडे होतं. आम्ही सगळे ऑर्व्हिलकडे पाहत होतो, म्हणून पुढचं आमच्यापैकी एकट्या त्यालाच दिसलं. त्यांचा एक गडी बाहेर जायला निघाला, पण रेषेपाशी थांबला आणि हळूच आतल्या बाजूला गवतावर आडवा झाला. मागे त्यांच्या माणसांची गर्दी, सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे. तो बाहेर गेला असं समजून त्याला कुणी अडवू नये, ही युक्ती तेव्हा नियमात बसायची. पंचांनीही ते पाहिलं. त्यांनी रॉस्कोकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक डाव होईपर्यंत तोंड बंद, बाळा."

रॉस्को आमच्यात आला तेव्हा पांढराफटक पडला होता. घाबरला असेल, असं मला वाटलं. आपली मधली जागा सोडून तो कडेच्या बाजूला चालू लागला. मैदानात आमचे डाव ठरवणाऱ्या निल्सनं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "कुठं चाललास गाढवा? मध्ये! ऑर्व्हिलच्या जागी!" रॉस्कोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ओठ दातांखाली दाबून धरले. मग तो मुकाट्यानं मध्ये येऊन वाकला.

त्यांनी चेंडू उचलला आणि लांब फेकला. कडेला आडवा झालेला तो गडी उठला, त्यानं चेंडू झेलला आणि आमच्या शेवटच्या रेषेपर्यंत एकटा धावत गेला. त्याच्या मागे धावायलाही कुणी नव्हतं. आम्ही तोही सामना हरलो.

संध्याकाळी मिसेस ऑडेगार्डनी सणाचा टर्की पक्षी भाजला होता, भोपळ्याचं गोड सारण भरून 'पाय' केला होता. त्या वाढत होत्या आणि पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत होत्या. डोक्याला पट्टी बांधलेला ऑर्व्हिल टेबलाच्या टोकाशी बसला होता. त्यानं सवयीनं सगळ्यांच्या ताटांवर नजर फिरवली.  तेवढ्यात रॉस्को उभा राहिला.

"मला तो दिसला होता," तो म्हणाला. "आडवा झालेला. मी पाहिलं होतं त्याला."

निल्सनं काटा खाली ठेवला.

"मग ओरडला का नाहीस?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"पंधरा यार्ड गेले असते."

"जाऊ द्यायचे होते ना रे पंधरा यार्ड!" ऑर्व्हिल टेबलावर मूठ आपटून ओरडला. "आपल्या मागे शेवटच्या रेषेपर्यंत सगळं मैदान पडलं होतं! पंधरा काय, तीस गेले असते तरी चाललं असतं!"

"तो पळत सुटल्यावर कळलं मला ते," रॉस्को म्हणाला. "आधी नाही सुचलं. फक्त बोलायचं नाही, एवढंच डोक्यात होतं."

त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. मला त्याचा इतका राग आला होता की बुक्की मारावीशी वाटली, आणि तितकीच कीवही आली. ऑर्व्हिल उठला. त्यानं टोपी घेतली आणि भरल्या ताटाला हातही न लावता निघून गेला. जिन्यावरचे त्याचे बूट वरपर्यंत ऐकू आले.

त्याचं ताट तसंच वाफाळत होतं. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो आणि पाहत नाही असं दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी कुठं जेवायचं हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. अखेर निल्सनं ते ताट ओढून घेतलं, सुरीनं मांसाचे तुकडे केले आणि एकेकाच्या ताटात टाकत गेला. रॉस्कोपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. मग त्यानं त्याच्याही ताटात एक तुकडा टाकला, आणि रॉस्कोनं तो खाल्ला.