गुरुवारपर्यंत कोणी बोलायचं नाही

जपानी ॲनिमे बघणाऱ्या खान्देशातल्या लोकांचा एक ग्रुप मी चालवते. चालवते म्हणजे दिवसभर लोकांना गप्प बसवते. घर धुळ्याला, नोकरी जळगावात, माती-पाणी तपासणीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत. समोर शेतकऱ्यांनी आणून ठेवलेल्या मातीच्या पिशव्या असतात आणि टेबलावर फोन थरथरत असतो. उचलून बघावं तर कोणीतरी कोणाचा तरी शेवट फोडलेला असतो.

ग्रुप आम्ही तिघांनी सुरू केला. मी, चाळीसगावचा माझा मामेभाऊ आणि रावेरची एक मैत्रीण. मामेभावाचं स्टेशन रोडच्या चौकात फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. मैत्रिणीच्या घरी केळीचा धंदा, कापणी ते पॅकिंग सगळं. सुरुवातीला आम्ही जेमतेम ओळखीपाळखीचे होतो. मग सावद्याची पोरं आली, धुळ्याच्या कॉलेजची आली, दोन-तीन डॉक्टर आले, एक तलाठी आले आणि भांडणं सुरू झाली.

नियम एकच होता. आमची सगळ्यांची लाडकी मालिका रविवारी संध्याकाळी यायची. त्यावर गुरुवार संध्याकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. हा नियम मैत्रिणीमुळे झाला होता. आठवडाभर तिच्या घरी ट्रकच्या वेळा सांभाळायच्या असतात, शेतात नेटवर्क कधी असतं कधी नसतं. तिला निवांत बसून बघायला गुरुवारच मिळतो. पूर्वी एकदा तिने वर्षभर जीव लावून पाहिलेल्या मालिकेचा शेवट कोणीतरी सकाळच्या शुभेच्छांसोबत टाकून दिला होता. ती भांडली नाही. ग्रुपवर दिसेनाशी झाली. मी फोन केला तर म्हणाली, "ताई, राग नाही आला मले. पण आता बघू कायले? पाहायचंच सोडून दिलं मी." तेव्हापासून मी नियमाच्या बाबतीत कडक झाले.

कडक होऊन काही उपयोग नसतो हा भाग वेगळा. लोक नियम मोडत नाहीत, नियमाच्या कडेकडेने चालतात. "मी काहीच सांगत नाही, फक्त रुमाल घेऊन बसा." झालं, सगळ्यांना कळलं की कोणीतरी मरतंय. मी तो मेसेज काढला की त्याचं म्हणणं, "रुमाल हा काय स्पॉयलर आहे का?" मग रुमाल हा स्पॉयलर आहे की नाही यावर दुपारभर चर्चा. एकाने मजकूर अगदी शहाण्यासारखा झाकून लिहिला आणि झाकलेल्या मजकुराच्या आधी उघड लिहिलं, "दिवा घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल वाईट बातमी." एक बाई फक्त रडका चेहरा पाठवायच्या, त्यांना बोललं तर म्हणायच्या, "मी माझ्या घरच्या कारणासाठी रडत होते." आणि सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य, "एका पोरीसाठी बठ्ठा ग्रुप गप बसावा का?"

त्या मालिकेत बर्फाच्या डोंगरांतून टपाल नेणारी एक टोळी आहे. तिच्यातला सर्वांत थोरला टपालवाला पांढऱ्या मिशांचा, गळ्यात निळी मफलर आणि हातात कंदील. त्याचं जपानी नाव आमच्यापैकी कोणालाही धड उच्चारता येत नव्हतं. आम्ही त्याला आबा म्हणायचो. पोरांना ओरडायचा, शिळी भाकरी वाटून खायचा, वादळात सर्वांत पुढे चालायचा. असा माणूस आमच्या प्रत्येकाच्या घरात किंवा गल्लीत होता, म्हणून आबा.

माझ्या मामालाही, म्हणजे या मामेभावाच्या वडिलांना, सगळं गाव आबाच म्हणतं. यात तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. खान्देशात दर चौथ्या घरात एक आबा असतो.

एका सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत नमुने चाळत होते. मी स्वतः मालिका सोमवारी संध्याकाळी बघते, त्यामुळे रविवारचा भाग अजून पाहिला नव्हता. आईचा धुळ्याहून फोन आला. आई एरवी धुळ्याच्या शाळेत शिकवते तसं शुद्ध बोलते. घाबरली की माहेरची अहिराणी येते.

"तुन्हा मामा गयात वं!"

"काय?"

"आबा गयात! चौकमा बॅनर लागेल शे. फॅमिली ग्रुपवर बघ!"

माझ्या हातातली चाळणी टेबलावर आपटली. फॅमिली ग्रुपवर आईच्या गावाकडच्या एका चुलतभावाने चालत्या मोटरसायकलवरून काढलेला फोटो होता. मामेभावाच्या दुकानावर भलामोठा फ्लेक्स, काळी चौकट, वरच्या बाजूला हातभर अक्षरं: "आबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली." फोटोतला चेहरा लहान आणि हललेला. खाली "शोकाकुल" लिहून ओळीने गोल गोल फोटो. त्यातला दुसरा माझा होता.

"तुन्हा फोटो शे खाली," आई रडत म्हणाली. "तुले माहीत व्हतं आन् तू मले सांगं नही?"

मी फोटो मोठा केला. पांढऱ्या मिशा. निळी मफलर. कंदील.

तो क्षण मला नीट सांगता येत नाही. मामा जिवंत आहे हे कळलं आणि मी खाली बसले. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की आबा मेला. आमचा आबा. कालच्या भागात. मी, जी लोकांना रुमालावरून हाकलते, ती सकाळी सकाळी स्वतःच्या आईकडून स्पॉयलर ऐकून बसले होते.

"आई, तो मामा नाही. तो जपानी कार्टूनमधला आहे."

"कोणतं कार्टून? आबा लिहिलंय!"

प्रयोगशाळेच्या फोनवरून मामाला फोन लावला, उचलला नाही. मामीचा सतत व्यस्त. शेवटी मामेभावाचा लागला.

"मामा कुठे आहेत?"

"शेतात गेलेत सकाळीच, फोन घरी राहिलाय. काय झालं ताई?" त्याचा आवाज खरंच निरागस होता. "आणि तू काल बघितलं का? नाही ना? मग मी काही बोलत नाही."

मी त्याला तेव्हाच शिव्या द्यायला हव्या होत्या, पण आई दुसऱ्या फोनवर रडत होती. तिला मी समजावलं, शपथा घेतल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. मी स्टँडवर निघाले." मग मलाही जावं लागलं. साहेबांना म्हणाले, "सर, मामा वारले. म्हणजे वारले नाहीत. पण जावं लागेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

चाळीसगावला गाडीतून उतरून चौकात पोचले तेव्हा दुकानासमोर पंचवीस-तीस माणसं होती. गावाकडून एक जीप भरून आली होती. बायका एका बाजूला पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर, स्वतःच्या श्रद्धांजलीखाली, मामा बसला होता आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून सांगत होता, "मी आठेच शे. जित्ता शे. चहा घ्या."

तो शेतावरून परतला तेव्हा त्याला बघून एक म्हातारे गृहस्थ ओरडलेच म्हणे. मामाला आधी वाटलं, शेजारचं कोणीतरी गेलं. तोही टोपी काढून गर्दीत जाऊन उभा राहिला होता. मग कोणीतरी त्याला मिठी मारली.

जीपमधून आलेल्या मामाच्या आत्या वयाने फार मोठ्या. एवढ्या उन्हातून येऊन कोणीच मेलेलं नाही हे त्यांना पचत नव्हतं. त्यांनी मामेभावाला समोर बोलावलं.

"मंग मरं कोन?"

"आत्या, तो एका मालिकेतला आबा आहे."

"कोनता गावना?"

"जपानना."

"तुन्हं काय नातं व्हतं त्यान्हासंगे?"

त्याचे डोळे भरून आले, आणि ते बघून आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला तो सगळा प्रकार असह्य झाला. मी त्याला दंडाला धरून दुकानाच्या मागे नेलं, जिथे मशीन चालू होतं आणि शाईचा वास डोक्यात जात होता.

"हे काय आहे?"

"मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याने तयार ठेवलं होतं. "नियम ग्रुपचा आहे. चौकाचा नाही."

"माझा फोटो कोणाला विचारून टाकला?"

"तू शोकाकुल झालीच असती ना. मग गुरुवारी टाकला असता तर चाललं असतं?"

"रावेरचीचाही टाकलास! तिने भाग पाहिलेला नाही!"

"ती रावेरला आहे ताई. चाळीसगावचा चौक तिला कुठे दिसतो?"

त्याच वेळी माझ्या हातातला फोन थरथरला. धुळ्याच्या कॉलेजच्या कोण्या पोराने फ्लेक्सचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहून, "चाळीसगावकरांना मानलं." मी तो काढेपर्यंत निम्म्या ग्रुपने पाहिला होता आणि उरलेले निम्मे विचारत होते, काय काढलं, काय काढलं. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

"काल पाहिलं मी," तो हळू म्हणाला. "दुकानात एकटाच होतो. कोणाशी बोलू? तुला फोन करावा तर तू बघितलेलं नाही. ग्रुपवर लिहावं तर गुरुवार. माणूस गेल्यावर गुरुवारपर्यंत कोणी थांबतं का, ताई? आपल्याकडे माणूस गेला की फ्लेक्स लागतो. मी लावला."

त्याचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं, आणि म्हणून मी अजून चिडले. त्याच्यासमोरच मी त्याला ग्रुपमधून काढलं. सुरू करणाऱ्या तिघांतल्या एकाला काढायला मला एकदाच बोट दाबावं लागलं.

बाहेर आले तर मामी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू मन्हा पोऱ्याले काढी टाकं?"

"मामी, त्याने—"

"सकायपाशीन लोके मन्हं कुकू पुसाले येई राहिनात. ते तुन्हा ग्रुपमुळे. आन् वरतून मन्हा पोऱ्याले काढस!"

आई तेवढ्यात धुळ्याहून पोचली. मामाला बघून तिने आधी रडून घेतलं, मग त्याच्या पाठीत एक धपका मारला, आणि मग मामीच्या बाजूने जाऊन बसली. फ्लेक्स उतरवायला दोन माणसं वर चढली. आत्या म्हणाल्या, कोणाचा का असेना, पायाखाली येऊ देऊ नका.

संध्याकाळी जळगावला परत येऊन मी तो भाग पाहिला. आबा त्यात पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसता हसवत होता. टोळीतल्या लहान मुलीला बुटाची नाडी कशी बांधायची ते शिकवत होता, गाणं म्हणत होता. मला हसू येईना. प्रत्येक वेळी तो कंदील उचलायचा आणि मला वाटायचं, आता. शेवटी तो गेला तेव्हा मला काहीच झालं नाही. मी फक्त थकले होते. लोकांना वर्षानुवर्षं सांगत आले की यानेच मजा जाते, ते असं प्रत्यक्ष अनुभवायचं राहिलं होतं.

मैत्रिणीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. चाळीसगावचा चौक रावेरला दिसत नाही हे खोटं ठरलं होतं. तिच्या काकांना कोणीतरी तो फोटो पाठवला होता आणि पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या बायांसमोर त्यांनी तिला विचारलं होतं, "काय वं, हे आबा कोण? तू कायले शोकाकुल?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, ओळखीचे होते. दोन दिवस सुट्टी घे म्हणाले काका." ती हसली. "सुट्टी घेतली मी. पण भाग नाही लावला. लावेन कधीतरी."

मी मामेभावाबद्दल बोलायला लागले तर तिने अडवलं. त्याने तिला आधीच फोन केला होता. बराच वेळ दोघे आबाबद्दल बोलत होते म्हणे. "त्याला परत घे ताई. खूप रडला तो. मला तर कळलंच होतं, मग काय." म्हणजे ज्या दोघांवरून मी एवढी भांडले ते दोघे आपसांत मिटवून मोकळे झाले होते आणि वाईट मी ठरले होते.

त्याला परत घेतलं. मामी मात्र माझ्या फोनवर अजून फक्त "त्यास्ले देस" म्हणते आणि फोन मामाकडे देते. ग्रुपच्या नियमात मी एक ओळ वाढवली, की फ्लेक्स, गाडीची काच, दुकानाची पाटी आणि स्टेटस या सगळ्याला गुरुवारचा नियम लागू आहे. त्यावर तलाठ्यांनी विचारलं, रांगोळी चालेल का.

मामाने आता हिंदीत आवाज दिलेली ती मालिका पहिल्या भागापासून लावली आहे. ज्याच्या नावाने लोकांनी आपल्याला मिठ्या मारल्या तो कोण, हे त्याला बघायचं होतं. दुपारी दुकानात बसून बघतो. परवा मी मातीचे नमुने वाळत घालत असताना त्याचा फोन आला.

"हाऊ आबा कोनता भागमा मरस वं?"

"मामा, ते सांगता येत नाही."

"मरस हाई तं मले माहीत शे ना! बठ्ठा चाळीसगावले माहीत शे!"

"तरी नाही सांगता येत."

"भलता चांगला माणूस शे वं हाऊ," तो चिडून म्हणाला. "सांग ना, मंग तवढा एक भाग मी बघावच नही."

मी नाही सांगितलं. त्याने फोन ठेवला. मग थोड्या वेळाने पुन्हा केला, आणि मी पुन्हा नाही म्हटलं.