तू कौन्सिलचा का?

आमच्या ऑफिसात एक खोका आहे. लोक हातमोजे दान करतात, ते त्यात जातात. का कोण जाणे, त्यात कायम डाव्या हाताचेच निघतात. बर्नीचं म्हणणं, उजवे कोणीतरी काढून घेतं. कोण, ते ती सांगत नाही, पण बोलताना समोरच्या कौन्सिलच्या बिल्डिंगकडे बघते. किस्सेपण आमच्याकडे असेच साचलेत. जोडी कशाचीच लागत नाही, आणि टाकवतही नाहीत.

ऑफिस म्हणजे आयर्लंडमधल्या एका छोट्या गावातली संस्था. गावाचं नाव सांगत नाही, बर्नीने शपथ घातलीय. रस्त्यावर झोपणाऱ्यांना सकाळी व्हॅनमधून चहा-नाश्ता द्यायचा, गप्पा मारायच्या, ज्याच्या मनाला त्रास आहे त्याची गुरुवारी डॉक्टरशी गाठ घालून द्यायची, आणि जमलंच तर डोक्यावर छप्पर. काम आमचं, पैसे काउंटी कौन्सिलचे, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेचे. कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नव्याने. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात आपण असणार की नाही, हे दर हिवाळ्यात कौन्सिल ठरवते.

बर्नी आमची मॅनेजर. मी क्लोनडॉकिनच्या सॉफ्टवेअर कंपनीतून लेऑफ झालेला पुणेकर. इथे कॉम्प्युटर बघायला लागलो, आठवडाभरात व्हॅनही बघायला लागलो.

* * *

बर्नी फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाही. ‘कोण विचारतंय?’ म्हणते. समोरच्याने अजून काही विचारलेलं नसतं.

एकदा समोरच्या फुटपाथवर एक माणूस तीन पायांचं यंत्र लावून उभा होता. ‘आपल्यावर नजर आहे,’ बर्नी म्हणाली, आणि मला बिस्किटं घेऊन चौकशीला पाठवलं. तो बस लेनसाठी रस्ता मोजत होता. मी परत येऊन तसं सांगितलं.

‘तो असंच सांगणार,’ बर्नी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कामगारांचं पिवळं चमकतं जॅकेट घातलं, टोपी खाली ओढली आणि हातात टॅबलेट घेऊन बरोब्बर त्याच जागी उभा राहिलो. पाचच मिनिटांत बर्नी प्लेटमध्ये गरम स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, आणि वर जॅम घेऊन, चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं हसू घेऊन रस्ता ओलांडून आली.

मला ओळखल्यावर स्कोन परत घेऊन गेली.

* * *

डेसीची आणि माझी पहिली भेट. डेसी बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे तंबूत राहतो. दुकानावर अजून ‘बेड सेल’चा बोर्ड आहे. आमच्या ऑफिसच्या वर एक खोली आहे. बेड, हीटर, किटली. ती खोली डेसीसाठी राखून ठेवलीय. फक्त डेसी येत नाही.

मी व्हॅनमधून उतरलो. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

‘तू कौन्सिलचा का?’

‘नाही. मी पुण्याचा.’

त्याने एकदा व्हॅनकडे बघितलं. मग म्हणाला, ‘आता तिकडे हलवलं का ऑफिस?’

* * *

गुरुवारच्या डॉक्टर म्हणजे मेघनाताई. नागपूरच्या. एरवी मोठ्या हॉस्पिटलात सायकियाट्री, गुरुवारी आमच्याकडे. मला ‘निख्या’ म्हणतात आणि डबा आणतात. डब्यातलं नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की दुप्पट वाढतात.

एकदा डेसी कसाबसा त्यांच्यासमोर खुर्चीत बसला. ताईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी, भूक कशी. मग हळूच, ‘कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, असं वाटतं का?’

डेसीने खिडकीकडे बोट केलं.

बाहेर कोट घातलेला एक माणूस आमच्या दाराकडे बघत टॅबलेटवर टिपून घेत होता. मध्येच त्याने दाराचा फोटोही काढला. ह्या वेळी तो मी नव्हतो. मी खोलीत किटली भरत होतो.

तो खरंच कौन्सिलचा निघाला. दारात किती लोक येतात ते बघायला पाठवला होता.

ताईंनी पेन खाली ठेवलं. मला मराठीत म्हणाल्या, ‘ह्याला लक्षण कसं म्हणू रे निख्या? ही तर बातमी झाली.’

डेसीने जाताना बर्नीकडे बघून मान हलवली. तिनेही हलवली. दोघांचं इतकं पटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

* * *

मग कौन्सिलने अ‍ॅप दिलं. रस्त्यावर माणूस भेटला की विचारायचं, मदत हवी का? ‘होकार’ किंवा ‘नकार’ दाबायचं. दाबलं की त्या माणसाचं त्या दिवसापुरतं पान बंद. सोपं काम, म्हणून माझ्याकडे आलं.

काही आठवड्यांनी कौन्सिलचा ईमेल. आमच्या भागात बहुतेक सगळेच मदत नाकारतायत. तेव्हा व्हॅन, गुरुवारचा दवाखाना आणि वरची खोली ह्यांची गरज आहे का, हे बघायला अधिकारी येतील. खोली रिकामीच असते, असं वेगळं वाक्य होतं. शेवटी ‘शुभेच्छांसह’.

बर्नीने ईमेल उभ्याने वाचला. ‘अ‍ॅपमध्येच काहीतरी घोळ घालून दिलाय. म्हटलं नव्हतं मी?’

मी अ‍ॅप उलटंपालटं करून तपासलं. अ‍ॅप बिचारं सरळ होतं.

गुरुवारी ताई आल्या. म्हणाल्या, ‘चल, मी येते तुझ्यासोबत. बघू कसं विचारतोस.’

डेसीसमोर मी नेहमीसारखं विचारलं. ‘चहा, सँडविच, काही हवं?’

‘नको, आय’म ग्रँड.’ इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. बरं चाललंय, एवढंच.

मी ‘नकार’ दाबलं. पान बंद. मग कप भरून त्याच्या हातात दिला, मी रोजच देतो. त्याने घेतला, तो रोजच घेतो.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘अरे, तू एकदाच विचारतोस?’

‘मग किती वेळा विचारायचं?’

‘ह्या देशात कोणी पहिल्यांदा हो म्हणतं का? पहिल्या दिवशी बर्नीने चहा विचारला, तेव्हा काय झालं होतं?’

मला आठवलं. मी नको म्हटलं होतं. तिने परत विचारलं. मी परत नको म्हटलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, मग घेतला. तेव्हा वाटलं होतं, बाई भलतीच प्रेमळ दिसते.

‘पहिलं नको रीतीचं. दुसरं नको लाजेचं,’ ताई म्हणाल्या. ‘आमच्या नागपुरात लहान पोरांनाही कळतं. कौन्सिलने अ‍ॅप दिलं, आणि दाबायला कोण, तर पुणेकर.’

परत येऊन बर्नीला सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, चहाचं तिला माहीतच आहे, ती काय आयरिश नाही का? पण खोलीचं तिनेही डेसीला रोज एकदाच विचारलंय. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलंय. माणसाने नाही म्हटलं की मान राखायचा, मागे लागायचं नाही.

‘मग अधिकाऱ्यांना समजावून सांगू ना,’ मी म्हटलं.

‘कौन्सिलला?’ बर्नी म्हणाली, आणि उठून स्वतःसाठी चहा करायला गेली. आम्हाला विचारलं नाही.

* * *

अधिकारी गुरुवारी सकाळीच आली. ग्रॉन्या नाव. चांगला कोट, पातळ बूट. वारा असा की पाऊस आडवा येत होता. बर्नीने त्या दिवशी स्कोन केले नव्हते. लाच वाटेल म्हणे.

बर्नी, ताई आणि मी तिला घेऊन निघालो, व्हॅन फर्निचरच्या दुकानामागे लावली. डेसी तंबूच्या तोंडाशी बसला होता. मी कप हातात घेतला आणि ग्रॉन्याला विचारलं, ‘चहा?’

‘नको नको, आय’म ग्रँड.’

मी टॅबलेट काढला, तिच्या नावाचं पान उघडून तिच्या समोर ‘नकार’ दाबलं, आणि कप जागेवर ठेवला.

ती थांबली. बर्नीने तोंड उघडलं, ताईंनी तिच्या पायावर पाय दिला. ग्रॉन्या मला प्रश्न विचारत राहिली, व्हॅन किती वाजता निघते, कुठे कुठे थांबते. बोलताना बोटांवर फुंकर मारत होती आणि बघत होती चहाच्या पिंपाकडे. मी सगळी उत्तरं व्यवस्थित दिली.

डेसी मघापासून तिच्याकडे बघत होता.

‘तू कौन्सिलची का?’

‘हो,’ ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्याला हो म्हणणारं कोणी पहिल्यांदाच भेटलं असावं. तो उठला. व्हॅनपाशी आला, स्वतःच कप भरला आणि तिच्यासमोर धरला.

‘घे.’

‘अरे नको, तुला राहू दे.’

‘घे गं.’

‘खरंच नको.’

‘घे म्हणतो ना. गारठलीयस.’

‘बरं. अगदी अर्धा.’

कप काठोकाठ होता. तिने दोन्ही हातांनी धरला आणि अर्ध्याच्या खाली गेल्यावरच मान वर केली. मग म्हणाली, ‘तुझ्यासाठी वर खोली ठेवलीय म्हणे. हीटर आहे. बघून येऊ या?’

‘नको,’ डेसी म्हणाला. ‘आय’म ग्रँड.’

टॅबलेट माझ्या हातातच होता. डेसीचं पान उघडं होतं. मी बोट वर केलं.

ग्रॉन्याने माझ्या बोटाकडे बघितलं. मग हातातल्या कपाकडे.

‘थांब जरा,’ ती मला म्हणाली. आणि डेसीकडे वळली. ‘अरे, चल की. नुसतं बघायचंय.’

‘नाही, खरंच नको.’

ग्रॉन्याने कप दुसऱ्या हातात घेतला, मोकळा हात त्याच्यापुढे केला आणि तिसऱ्यांदा विचारलं.