कोऱ्या पळीची फोडणी

मध्याह्नीच्या भोजनाचा उपचार आटोपून मी डाव्या कुशीवर पहुडलो आहे. पापण्या जड होत आहेत. ओट्यावर उकडलेला दुधी अर्धा तसाच उरला आहे. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी तूप-तेल कमी करावयास सांगितले; मी ते व्रत म्हणून स्वीकारले आणि मीठ-जिऱ्यालाही रजा दिली. सकाळी कचेरीला निघताना सून अनघा म्हणाली होती, "बाबा, तेल कमी करा म्हटलंय, जेवण नाही. सदरा बघा, खुंटीवर टांगल्यासारखा दिसतोय." मी हसलो होतो. खरे सांगावयाचे तर, पत्नीमागे हा देह राखण्याचे प्रयोजन मला दिसेनासे झाले आहे.

स्वयंपाकघरात कोणीतरी पळी घासते आहे.

मी उठतो. ओट्यापाशी मनोरमा पाठमोरी उभी आहे. गतवर्षी ती गेली, हे मला पूर्ण स्मरते. तरी विस्मय वाटत नाही. तिच्या ओल्या केसांतून पाणी ठिबकते, फरशी मात्र कोरडीच राहते.

"बसा," ती म्हणते. "पान वाढलंय."

मी बसतो ते वाळूवर. नदीचा घाट आहे. पाणी वाहते, पण त्याला नाद नाही. केळीच्या पानावर खीर, वडे, भातावर तुपाची धार. मला वर्ज्य ते सारे. मनोरमा पानाभोवती पाणी फिरवते आणि माझा हात थबकतो. ते मंडल उलटे आहे. कडेने काळे तीळ विखुरले आहेत. असे पान मी जन्मभर पितरांसाठी मांडीत आलो.

"हे कोणाचे पान?"

"तुमचंच. रोज थोडं थोडं तुम्हीच मागवलंत."

ती अद्याप पाठमोरीच आहे.

"मनोरमे, एकदा मुख दाखव."

"जेवलात की दिसेल."

मी घास उचलतो. तो ओठांशी येतो, आणि मला जाणवते की त्याला गंध नाही. खिरीला वेलदोड्याचा नाही, तुपाला तुपाचा नाही.

"याला वास का नाही?"

"आमच्याकडे नसतो." मग किंचित थांबून, "तुमच्या दुधीलाही नव्हता. म्हणून तर मला घर सापडलं."

घास मी पानावर परत ठेवतो. वाळू गार पडते. ती फरशी आहे. समोर गॅसची निळी ज्योत आहे, बाजूला माझाच दुधी.

"मग तूच चव आण याला."

"मी हात लावायचा नाही. तुम्ही करा, मी सांगते. पळी कोरी तापवा. जिरं कोरडंच भाजा. हिंग आणि थेंबभर तूप अगदी शेवटी. आधी घातलंत तर वासासकट जळून जाईल. मूठभर मुगाची डाळ दुधीबरोबरच शिजवायची, म्हणजे पोट भरतं. शास्त्रीबुवा, एवढं पाठांतर केलंत, हे तेवढं राहिलं."

मी उघड्या हाताने पळी धरतो. जिरे तडतडते. तूप पडते, आणि घरात गंध उठतो. अनेक महिन्यांनी पोटात भूक हलते. गंध पसरतो तसतशी मनोरमेच्या पाठीतून मागची खिडकी दिसू लागते.

"ओता, आणि लगेच झाका."

"झाकले की तू जाशील?"

"जाईन."

झाकण माझ्या हातात कितीतरी वेळ तसेच राहते. तिच्या केसांतले पाणी ठिबकायचे थांबते. ती मान वळवू लागते. कानामागचा तीळ मला दिसतो.

मी झाकतो.

उन्हे कलली आहेत. स्वयंपाकघरात कोणी नाही. उजवा तळवा हुळहुळतो, म्हणून मी मूठ उघडतो. पळीच्या दांड्याएवढा लाल चटका त्यावर आडवा उमटला आहे.

मी तो पाण्याखाली धरत नाही. त्याच हाताने डबा उघडतो आणि मुगाची डाळ भिजत घालतो; अनघा येईल, तिच्यापुरतीही.