बीटाचा रंग आणि आक्कांचं पोट

लोकांच्या दारात जाऊन शी मागणं हे माझं काम होतं. संशोधनात त्याला नमुना म्हणतात. पण दारात उभं राहून 'नमुना' म्हटलं की समोरची बाई विचारते, कसला नमुना? मग शेवटी शीच म्हणावं लागतं. कॉलेजात असताना मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिली, छापून आणली, वाटली. फीवाढ, वसतिगृहातलं पाणी, एसटीचा पास. तोंडावर दार लावलं तर पुढचं दार वाजवायचं, ही सवय तिथलीच. म्हणून मी पीएचडीला लागल्यावर सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, नमुने गोळा करायचं काम माझ्यावर टाकलं. "तुला लोकांत फिरायची सवय आहे," म्हणाले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तेव्हाही कळत होतं.

विषय सांगायला सोपा आहे. बीट चिरलं की हात लाल होतात. तो रंग, म्हणजे झाडानं स्वतःसाठी बनवलेलं रंगद्रव्य, आपण खाल्ल्यावर पोटात त्याचं काय होतं? काहींची लघवी दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, काहींची होत नाही. आतड्यात राहणारे जिवाणू हा रंग मोडत असावेत आणि तो मिळत राहिला की त्यांतले काही वाढत असावेत, असा सरांचा अंदाज. आम्ही बीटाच्या रसाची पूड करून छोट्या पुड्या बांधल्या. बायकांनी रोज एक पुडी पाण्यातून घ्यायची. सुरू करण्याआधी एक नमुना, पुड्या संपल्यावर दुसरा. दोन्हींतले जिवाणू ताडून बघायचे. बस.

गाव कोल्हापूरहून हुपरीला जाणाऱ्या एसटीवर पडणारं. एका बचत गटाच्या ओळखीनं मिळालेलं. गल्लीची एक बाजू मराठ्यांची, दुसरी जैनांची, दोन्हीकडं शेती आणि दारात म्हशी. पुडीवर छापलं होतं, 'नैसर्गिक वनस्पती रंगद्रव्य'. बीट हा शब्द कुठंच नाही, सह्या घेतल्या त्या कागदावरही नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "बीट म्हटलं की बाजारातनं आणून वरून खातील, नाहीतर रोज लघवी बघत बसतील. प्रयोग बिघडतो." मी म्हटलं, माणसाच्या पोटात काय घालतोय ते त्याला सांगायला नको? यावर बरंच वाजलं. हरले मी. पुड्या तशाच गेल्या.

उन्हाळा संपायच्या आत निकाल हातात आला. मराठ्यांच्या घरांतल्या नमुन्यांत फरक दिसत होता. जैनांच्या घरांत काहीच नाही, जणू पूड पोटात गेलीच नाही. हे वाक्य मी मीटिंगमध्ये अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. सरांनी ते ऐकलंच नाही. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हे बघ," ते म्हणाले, "हे लोक पिढ्यानपिढ्या कंदमूळ खात नाहीत. त्यामुळे रंग मोडणारे जिवाणूच त्यांच्या आतड्यात उरलेले नाहीत. प्रतिसाद न देणारा समाज. असं आपल्याकडं कुणी दाखवलेलं नाही."

"सर, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ते कंदमूळ खात नाहीत हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"कोल्हापुरात राहून हे माहीत नसेल का?"

"मग बीटाची पूड त्यांनी कशी घेतली?"

"त्यांना कुठं माहीत होतं बीट आहे ते."

हे ते सहज म्हणाले, चहाचा कप उचलत. माझं डोकं तिथंच सटकलं. म्हणजे एखाद्या बाईनं देवापुढं उभं राहून सोडलेली गोष्ट आम्ही फसवून तिच्या पोटात घालणार, वरून तिच्या पोटात काहीतरी कमी आहे असं छापणार, आणि याला शोध म्हणणार. असलं सरकार करतं तेव्हा मी पत्रक काढते. विभागात झालं तर काय काढायचं?

दुसऱ्या दिवशी गावात गेले. भांडणाच्या तयारीनंच गेले होते, पण माझ्याआधी तिथं दुसरीच बाई भांडायला उभी होती. मराठ्यांच्या बाजूच्या एक वैनी. त्याही आमच्या प्रयोगात होत्या आणि त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"ये मॅडम. तुझीच वाट बघाय लागलोय."

"काय झालं वैनी?"

"तुझा रंग बोगस हाय."

त्यांनी आतून सूप आणलं. सुपात कुरडया. धड पांढऱ्या नाहीत, धड गुलाबी नाहीत, जुन्या परकराच्या अस्तरासारख्या.

"सोऱ्यातनं पडताना कसल्या गुलाबी आल्त्या. गल्ली बघाय आल्ती. दोन उन्हं लागली आन् उडाला की सगळा. आता ह्या रुखवतात मांडू व्हय? विहीणबाई म्हणंल, ह्यांच्या घरात कुरडयापण आजारी."

बीटाचा रंग उष्णतेत आणि उजेडात टिकत नाही, हे मी त्यांना सांगणार होते. पण तोंडातनं दुसरंच आलं. "वैनी, पूड तुम्ही प्यायची होती."

"माझी मी प्यालो. लघवी लाल झाली म्हणून घाबरून बसलो दोन दिवस, कुणाला सांगायची सोय न्हाय. ही पूड आक्काची. आक्काची आन् त्या बाजूच्या सगळ्यांची. माझ्या घरात लगीन म्हणून आणून दिली."

समोरच्या ओट्यावर आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या, जैन, बचत गटाच्या अध्यक्ष. अख्खी गल्ली त्यांना आक्काच म्हणते. मान वर न करता म्हणाल्या, "अजून जोरानं बोल. हुपरीत ऐकू गेलं नसंल."

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. "आक्का, तुम्ही पूड घेतलीच नाही?"

"पहिल्या दिवशी पाण्यात टाकली. मातीचा वास आला. आमच्या रानात बीट असतंय बाई, नाक काय गहाण टाकलंय? मी कंदमुळाचा नेम घेतलाय. ह्या बाजूच्या सगळ्यांनीच घेतलाय, एकदमच."

"मग मला सांगायचं की."

"तू भर उन्हातनं आल्तीस. घसा कोरडा पडल्याला. दारात आलेल्या लेकराला न्हाय कसं म्हणायचं? घे म्हणलीस, घेतल्या. रिकाम्या पुड्या दे म्हणलीस, दिल्या. आता आत काय हुतं ते कुठं गेलं, हे तू इचारलंच न्हाईस."

खरंच विचारलं नव्हतं कुणी. पुड्या परत आल्या की पूड पोटात गेली, असं विभागातल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं. नाही म्हणणं आमच्याकडं किती अवघड आहे, हे आम्ही सगळे इथलेच असून प्रयोग आखताना विसरलो. पाहुणीला लोक नकार देत नाहीत. तिच्या हातातलं ठेवून घेतात आणि तिची पाठ वळली की आपल्याला पटेल ते करतात.

मी आक्कांना सगळं सांगितलं. बीट लपवलं ते, आणि आता काय छापणार आहेत ते.

"कुणाच्या पोटात कमी हाय?"

"तुमच्या. जैन बायकांच्या."

"खाल्लंच न्हाय, तर पोटाला कशाला बोल?"

"हेच मी म्हणतेय."

"मला म्हणून काय उपेग? त्यांना म्हण की. भांडखोर हाईस म्हणून ऐकून हाय मी."

सरांना म्हटलं. दोनदा म्हटलं, एकदा तोंडी आणि एकदा लेखी. त्यांचं उत्तर ठरलेलं. "परत आलेल्या पुड्यांची नोंद आहे. गल्लीतल्या गप्पा हा पुरावा नाही." मी विचारलं, पुडी रिकामी म्हणजे पोट भरलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? तर ते म्हणाले, "तू कार्यकर्ती म्हणून बोलतेस, संशोधक म्हणून नाही." हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. शोधनिबंध छापायला पाठवायचा हे ठरलंय, पुढच्या महिन्यात समितीपुढं तुझा प्रगती अहवाल आहे, तो मीच लिहिणार आहे, हेही त्यांनी आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. अहवाल असमाधानकारक आला की नोंदणी धोक्यात येते. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी घरी गेले आणि सवयीनं पत्रकच लिहायला बसले. चार ओळी झाल्या आणि थांबले. मथळा झकास होता, पण पत्रकानं सर हललेच नसते. त्यांना हलवायचं तर त्यांच्याच भाषेत मारायला हवं होतं. या बायकांच्या पोटात रंग मोडणारे जिवाणू नाहीत असं म्हणताय? मग बघूया की. पूड खाऊ घालायची गरजच काय, नळीत बघता येतं. ताजा नमुना घ्यायचा, नळीत बीटाचा रंग घालायचा आणि रंग जातो का बघायचं.

या जिवाणूंतले बहुतेक हवा लागली की मरतात. नळीतली हवा घालवायला नायट्रोजनचं सिलिंडर हवं होतं, रंग मोजायचं यंत्र हवं होतं. आमच्या विभागात मागायची सोय नव्हती. शेजारच्या रसायनशास्त्रात माझा एक मित्र उत्प्रेरकांवर काम करतो. उत्प्रेरक म्हणजे जो क्रिया घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही तो. जिवाणूंच्या अंगातली एन्झाइमही तेच करतात, फक्त ती जिवंत पेशीनं बनवलेली. त्याचा उत्प्रेरक म्हणजे चांदीची बारीक पूड. नमुन्यांसाठी आणलेले माझे रिकामे डबे बघून तो म्हणाला, "माझ्या उत्प्रेरकाला वास तरी नसतो." पण कोपऱ्यातलं टेबल त्यानं दिलं. वर खिडकीही उघडून दिली.

गावात परत गेले तेव्हा आक्कांच्या ओट्यावर दोन्ही बाजूंच्या बायकांना बसवून स्पष्ट सांगितलं. हे बीट आहे. तुम्ही खायचं नाही. तुमचा नमुना नळीत घालणार, त्यात बीटाचा रंग टाकणार. नको असेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.

मग कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "त्या नळीतल्या जीवांचं पुढं काय करणार?"

मी खरं सांगितलं. काही नळ्या आधीच उकळायच्या, जिवाणू मारून. म्हणजे रंग आपोआप जातो की ते घालवतात, हे कळतं. आणि काम झालं की सगळ्याच मारायच्या.

"मग माझं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी मुंगी चुकवून पाय टाकणारी."

मी यादीतून त्यांचं नाव खोडलं. पण त्या गल्लीत तोंडावर मिळालेला तो पहिला नकार होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बाकीच्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "भाईर पडलं की ते माझं न्हाय. घिऊन जा. पण झाकण घट्ट लाव, एसटीत माणसं असत्यात."

नमुने आणले त्याच दिवशी नळ्या भरून रात्रभर ठेवल्या. सकाळी मित्राच्या टेबलापाशी गेले तर तो माझ्याआधी येऊन नळ्या बघत उभा होता. उकळलेल्या नळ्या जरा फिकट, पण लालच. न उकळलेल्या सगळ्या पिवळसर. वैनींच्या बाजूच्या घरांतल्या तशाच आणि आक्कांच्या बाजूच्याही तशाच. मित्र म्हणाला, "तुझ्या बायकांचे जिवाणू जेवले की गं." आम्ही आकडे घेतले. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, कारण एकदाच आलेल्या निकालावर सर थुंकले असते. पुन्हा तेच आलं.

समितीपुढं तीन प्राध्यापक आणि बाजूला सर. मी सरांच्या निबंधाचा निष्कर्ष वाचून दाखवला आणि त्याखाली नळ्यांचे फोटो टाकले.

सर म्हणाले, "हे मूळ आराखड्यात नव्हतं. परवानगीशिवाय केलेलं काम आहे."

"व्हय सर," मी म्हटलं. रागात आलं की माझं गाव बाहेर येतं. "नमुने ज्यांचे, त्यांची परवानगी आहे. सगळं सांगून घेतली. पहिल्या वेळी आपण ती अर्धं सांगून घेतली होती."

समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. "तुमचं नेमकं म्हणणं काय?"

"एवढंच. या बायकांनी पूड घेतली नाही, कारण आपण त्यांच्यापासून बीट लपवलं आणि त्यांनी ते ओळखलं. छापायचं तर हे छापा. नाहीतर त्यांच्या पोटाबद्दल एक अक्षर छापू नका."

"आणि तुमचा अहवाल असमाधानकारक आला तर?"

"आला तर आला. तो माझा असेल. त्या बायकांचा नसेल."

मला बाहेर बसवलं. आतनं आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. निकाल असा लागला: जैन घरांचे आकडे निबंधातनं काढायचे, प्रतिसाद न देणारा समाज हे वाक्य काढायचं. माझी नोंदणी राहिली, पण सरांनी लिहून दिलं की या विद्यार्थिनीला मार्गदर्शन करणं त्यांना शक्य नाही. नवा मार्गदर्शक शोधायला मुदत मिळाली. बीट लपवण्याबद्दल कुणाला कुणीच काही विचारलं नाही. त्या भागाचं भांडण बाकी आहे आणि ते मी सोडलेलं नाही.

आक्कांना फोन करून सांगितलं.

"म्हंजे आमची पोटं बरी हाईत?"

"बरी आहेत."

"ते आम्हाला ठावं हुतं. तुझं काय झालं?"

"बघते."

सध्या मी विभागाविभागांतनं दारं वाजवत फिरते. एका प्राध्यापकांनी सांगितलं, आधी जुन्या सरांना माफीचं पत्र दे, मग बघू. मी म्हटलं, मग नका बघू. दुसऱ्यांना माझा विषय आवडला होता, पण जुन्या सरांचं नाव ऐकल्यावर त्यांना एकाएकी मीटिंग आठवली. काल तिसऱ्या दारात गेले. आतल्या मॅडमनी कागद बाजूला सारले आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"समितीत भांडली ती बीटवाली मुलगी तूच ना?"

"मीच," म्हटलं. "बसू का?"