दार उघडणाऱ्याचं मत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — खरं तर तिलाच नाही.

निवडणूक आली की टीव्हीवर अंदाज सुरू होतात. मी काही वर्षं सर्वेक्षणाचं काम केलंय हे ऑफिसात ठाऊक आहे, त्यामुळे कुणीतरी विचारतंच — काय हो, या पोलवर विश्वास ठेवायचा का? मी नमुना-बिमुना काहीतरी सांगून विषय बदलतो. पण घरी आलो की एका जागी बसवत नाही. गॅलरीत जातो, परत येतो, पुन्हा जातो. बाकीच्यांच्या आकड्यांचं मला काय माहीत? माझ्या आकड्यांचं माहीत आहे.

तेव्हा आम्ही कोपरीत राहायचो. शुभांगीताई आमच्याच गल्लीतल्या, शिवणाचे क्लास घ्यायच्या. नळाला पाणी आलं नाही की बायकांना घेऊन पालिकेत जाऊन बसायच्या. बायकांच्याच आग्रहाने त्यांनी पालिका निवडणुकीत अपक्ष अर्ज भरला — आणि मग घाबरल्या. अर्ज मागे घ्यायची मुदत संपत आलेली. माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमचं कामच ते. वॉर्डात जरा विचारून बघा. पण तोंडदेखलं सांगू नका हं."

रविवारी निघालो. बहुतेक घरी दार पुरुषानेच उघडलं. नियम मला पाठ होता, नव्या मुलांना मीच शिकवायचो — ज्याचं मत त्यालाच विचारायचं. सुरुवातीला एका घरी म्हणालोही, "वहिनींना बोलवा जरा." बनियनवरचे ते गृहस्थ मोठ्याने हसले. "तिला काय विचारताय साहेब? मी सांगेन तेच बटण दाबणार ती!" आत कढईत उलथणं फिरत होतं, ते थांबलं. थांबलेलं मी ऐकलं. तरी मोबाईलवर दोघांची मतं नोंदवली आणि पुढच्या दारी गेलो. त्यानंतर वहिनींना बोलवा म्हणणंच सोडलं. ऊन होतं म्हणू? जेवायची वेळ झाली होती म्हणू? तसं काही नव्हतं — त्या माणसाचं म्हणणं मला पटलं होतं.

संध्याकाळी ताईंना सांगितलं — आणि किती ठामपणे सांगितलं! — "कुणीच नाही हो तुमच्या बाजूने. मागे घ्या." त्या म्हणाल्या, "बरं झालं, हसं व्हायच्या आत कळलं." दुसऱ्या दिवशी अर्ज मागे.

आणि मग गल्लीत सुरू झालं — ताईंनी पैसे खाल्ले, ताई फुटल्या. हे म्हणणाऱ्या बायकाच होत्या, कारण त्या सगळ्या ताईंनाच मत देणार होत्या. माझी बायकोसुद्धा. "आम्हाला तोंडघशी पाडलं त्यांनी," असं ती मला, माझ्यासमोर उभी राहून म्हणाली. काय करायला हवं होतं मी? चूक माझी, तुम्हाला विचारलंच नाही — इतकंच बोलायचं होतं ना? नाही बोललो. शिवणाच्या क्लासला बायका येईनाशा झाल्या. ताईंनी माझं नाव कधी कुणाकडे घेतलं नाही. शेवटी खोली सोडून त्या शहाडला बहिणीकडे राहायला गेल्या.

मध्यंतरी खोपटच्या एसटी डेपोत अचानक भेटल्या. "भाऊ, तुम्ही तेवढं खरं सांगितलंत," म्हणाल्या. माझी गाडी लागली असं सांगून मी निघालो. गाडी लागलेली नव्हती.

काल पुन्हा टीव्हीवर अंदाज चालू होते. मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, हे विचारतात तरी कुणाला? मला तर आजवर एकानेही विचारलं नाही."

त्या रविवारी सुरुवात मी आमच्याच घरापासून केली होती. ती आत पोळ्या लाटत होती. मी दारात चपला घालता घालता तिचं मत नोंदवलं — माझंच.