फेलिसाचं फडकं

मामोरे नदीकाठच्या आमच्या गावात वैमानिक उतरण्याआधी आपल्या घरावरून एक घिरटी घालतात, म्हणजे घरचे केळी तळायला घेतात. विधवा फेलिसाचा मुलगा रोमुलोही घालायचा. त्या दिवशी तो फार खाली आला, वळला फार हळू, आणि धावपट्टीच्या अलीकडे तिच्या डोळ्यांदेखत विमान कोसळलं.

चौकशीच्या साहेबाने लिहिलं, 'वैमानिकाची चूक'. फेलिसाने त्याची बाही धरली.

"खोडा ते. माझी चूक लिहा. मी फडकं हलवत होते, म्हणून पोर खाली बघत राहिलं."

"मावशी, तसा रकाना नाही यात."

रकाना नाही म्हणे!

आता विमानाचा आवाज आला की फेलिसा अंगणात येते आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहते.