समुद्र मागे हटला नाही

तुम्ही राहता त्या गावाखालची माती कोणी आणून टाकली, हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं आहे का? मला सांगणारा एक माणूस होता. माझे काका, कीर्तनकार केशवबुवा, गेल्या महिन्यात गोविंदपुरमला भजन चालू असताना वारले. स्वतःचं कीर्तन नसलं की ते भिंतीला टेकून खुशाल झोपत, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांची मान कलली तेव्हा कोणी उठवलं नाही... भजन पुढे चालूच राहिलं. कुंभकोणमला निरोप घेऊन आलेला माणूस हे सांगताना ओशाळला होता. मला वाटलं, काकांना याचं हसूच आलं असतं.

मी त्यांच्याच घरात वाढलो, मोठा झाल्यावर त्यांच्यामागे उभा राहून झांज धरू लागलो. मद्रासेहून येणारी सरकारविरोधी पत्रकं वाचून मी जेवताना तावातावाने बोलायचो, आणि काका डांगर-भात कालवत म्हणायचे, "वेंकू, ओरडतोस कसाला? तुझ्या पत्रकांत सगळे बोलतातच. ऐकणारा एक तरी आहे काय?"

ऐकणं म्हणजे काय, ते मी उप्पुमेडूला पाहिलं. कावेरीच्या मुखाजवळचं हे बंदर आपल्या मराठी राजांच्या वेळी दलदल बुजवून वसवलं. देवाने किनाऱ्यावर पाऊल ठेवलं, समुद्र मागे हटला आणि कोरड्या झालेल्या जागी एका व्यापाऱ्याने पेठ बांधली, असं तिथलं स्थळपुराण. उत्सवात काकांना हेच आख्यान लावायला बोलावलं होतं. समुद्र मागे हटतो तिथे त्यांनी आवाज चढवला, मृदंग घुमला, आणि मंडपाबाहेर बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. मिठागरात काम करणारी, करुप्पायी नावाची.

"समुद्र कुठे हटला, सामी?" ती तमिळमध्ये म्हणाली. "माझ्या सासूने बुजवला. डोक्यावरून माती वाहून."

लोक हसले. काकांनी हात वर करून मृदंग थांबवला. "पाट्टी, आजी, मी ऐकलं होतं तेच सांगितलं. तुम्ही पुढचं सांगा."

पंचांतले एक मोठे गृहस्थ कुरकुरले, "बुवा, हे कीर्तन आहे की चावडी?"

"कीर्तनच आहे. देव ऐकतो आहे. आपणही ऐकू."

मग करुप्पायी बोलली. ओहोटी लागली की ताडाचे ओंडके रोवायचे, मधे पेंढा आणि शिंपल्यांचा थर, वर माती. भरती आली की त्यातलं बरंचसं वाहून जायचं, पुन्हा टोपल्या उचलायच्या. बायका कमरेइतक्या चिखलात उभ्या. जमीन घट्ट झाल्यावर त्यांना उचलून पाणी चढतं त्या कडेला नेऊन बसवलं, आणि उंचावर घरं झाली ती आपल्या लोकांची. हो, आपल्याच मराठी लोकांची. सरकारला शिव्या देणं मला सोपं जातं. हे ऐकताना मात्र मी झांजेकडे बघत राहिलो.

दुसऱ्या संध्याकाळी काकांनी नवं आख्यान लावलं. त्यात समुद्र हटला नाही, बायकांनी हटवला. उप्पुमेडूचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पण तिरुविसनल्लूरला, इथे कुंभकोणमला, जिथे उभे राहतील तिथे ते हेच लावत, मधेच थांबून विचारत, "इथं कोणी उप्पुमेडूचं आहे काय? माझं चुकलं तर सांगा." आणि कोणी ना कोणी सांगेच. एका सुताराने ओंडके कुठून आले ते सांगितलं, एका कोळणीने बुडालेल्यांची आठवण काढली. आख्यान वाढत गेलं, चाली बिघडत गेल्या. काका खूश.

"काका, हे छापू," मी कितीदा म्हणालो.

"छापलंस की लोक माना डोलवतील. उठून मला चूक म्हणणारा कोण उरेल?"

यावर आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मला अजूनही वाटतं, त्यांचं चुकलं. छापलेलं असतं तर आज हातात काहीतरी असतं. कारण सरकारला आता मिठाच्या कोठारासाठी ती कडेची वस्ती उठवून हवी आहे. समुद्राने दिलेल्या जमिनीवर मिठागरातल्या मजुरांचा हक्क कसला, असं कचेरीत विचारतात. आणि गावचे पंच देवळात शिळा बसवत आहेत. तिच्यावर समुद्र मागे हटल्याची कथा आणि त्या व्यापाऱ्याचं नाव कोरलं आहे. काका तिथे न बोलावता जाणार होते...

शिळा मासी महिन्याच्या, म्हणजे आपल्या माघातल्या, उत्सवात बसेल. समुद्रस्नानाला तुमच्यापैकी पुष्कळजण तिथे असाल. मजकूर वाचून दाखवतील तेव्हा बसल्या जागेवरून उठा आणि सगळ्यांना कळेल अशा तमिळमध्ये विचारा, माती कोणी वाहिली? तुम्हाला गप्प बसवायला ते कचरतील, तुम्ही त्या उंचावरच्या घरांच्याच मराठी लोकांतले आहात. उत्तर करुप्पायी देईल. ती मंडपाबाहेर बसलेली असते.